आंबटाचं पथ्य

त्या उन्हाळ्यात आमच्या असोद्याच्या घरात बाळंतिणीचा स्वयंपाक चालला होता आणि घरात बाळ नव्हतं. मी नुकतीच सातवीची परीक्षा दिली होती, म्हणजे अगदीच अजाण नव्हते. डिंकाचे लाडू कुणासाठी वळतात, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार कुणाच्या ताटात सोडतात, बाजेखाली ओव्याची शेगडी कुणासाठी ठेवतात, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या वहिनींची दोन बाळंतपणं मी परसातल्या भिंतीवरून वाकून वाकून पाहिली होती. तिथे हे सगळं होतं आणि मधोमध एक लाल, सुरकुतलेलं, सारखं रडणारं गाठोडं होतं. आमच्याकडे फक्त ते गाठोडं नव्हतं. बाजेवर माझी ताई होती. कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, बाहेर चैत्रातलं ऊन पत्र्यांवर तडतडतंय, आणि ती भिंतीकडे तोंड करून निजलेली.

ताई, म्हणजे उषाताई, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. दाजी तिथे एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं मूळ घर सावद्याकडचं, पण वडिलांच्या नोकरीमुळे ते धुळ्यातच वाढलेले. दिवाळीला ताई आली होती तेव्हा अंगाने भरली होती, हसत होती, आणि आईशी दाराआड काहीतरी कुजबुजत होती. मी जवळ गेले की दोघी गप्प व्हायच्या. त्यानंतर शिमग्याच्या सुमारास दाजींचं पत्र आलं. भाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते अंगणात उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आईला आत बोलावलं. आई त्याच दुपारच्या बसने धुळ्याला गेली. मी अक्काला विचारलं. अक्का भाऊंची थोरली बहीण. ऐन तरुणपणी तिचं कुंकू गेलं, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती आणि घर खरं म्हणजे तीच चालवायची.

"तुह्या ताईले बरं नही," अक्का म्हणाली. "ताप हाये."

इथे एक सांगून ठेवते. घरात आम्ही सगळेच अक्कासारखं बोलायचो. पण पुढे इतकी वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं की आता लिहायला बसले की हातून शाळेतली भाषा उतरते. आईचं, भाऊंचं, ताईचं बोलणं मी त्याच भाषेत लिहिते आहे. अक्काचं तेवढं मला दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकूच येत नाही.

आई तीन आठवड्यांनी ताईला घेऊन परतली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून पंधरा दिवस होते. आखाजीला आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, म्हणून गावात विचारणाऱ्याला आई म्हणायची, "आखाजीलाच आली, जरा लवकर आली एवढंच." पण विचारणाऱ्या बायका पुढे काही विचारत नसत, आणि तेच मला चमत्कारिक वाटायचं. आमच्या गल्लीतल्या बायका एरवी कोणाची म्हैस आटली तरी तासभर चौकशी करायच्या. त्या यायच्या, ताईच्या बाजेशी बसायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि उठून जायच्या. एकीने जाताना आईच्या हातावर हात ठेवून म्हटलेलं मला आठवतं, "अजून उमर पडलीय." मी दोन दिवस त्याचा विचार करत होते. ताई एकवीस वर्षांची. उमर पडलीय, पण कशासाठी?

ताईबरोबर धुळ्याहून एक ट्रंक आली होती आणि सुतळीने बांधलेला एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन. झाकणाला मधोमध काच, बाजूला जाड काळी वायर. बसच्या टपावर टाकला तर काच फुटेल म्हणून आईने तो जळगावपर्यंत मांडीवर घेतला होता आणि त्याबद्दल ती आठवडाभर कुरकुरत होती. "शेजारच्या नर्सबाईंनी दिला," एवढंच ती म्हणाली. "नको नको म्हटलं तरी हिनं घेतलाच."

मी माझ्या परीने तर्क लावला. ताईला असा काही आजार झाला असणार की ज्याचं औषध आणि बाळंतपणाचं औषध एकच आहे. माझी त्यावर अगदी खात्री बसली होती. पण मग काही गोष्टी त्यात बसायच्या नाहीत. ताईच्या पोलक्याची पुढची बाजू ओली असायची आणि आई ती पोलकी वेगळी, घाईघाईने, कोणी बघायच्या आत धुवायची. अक्का रोज सकाळी ताईच्या छातीला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायची, आणि बांधताना दोघींपैकी कोणी एकमेकींकडे बघायचं नाही. शेवटी एका दुपारी घरात सामसूम असताना मी ताईला सरळ विचारलं.

"ताई, तुला काय झालं होतं?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

हे उत्तर मी कित्येक दिवस मनात उलटंपालटं करत राहिले. स्वतःला काय झालं ते माणसाला स्वतःला कसं माहीत नसेल? मला वाटलं ती माझी चेष्टा करते आहे. पण ताईला चेष्टा करायची असली की तिच्या नाकाचा शेंडा हलायचा. तो हलला नव्हता.

आखाजी आली. चौकातल्या निंबाला झोका बांधला, गल्लीतल्या माहेरवाशिणी सकाळपासून गाणी म्हणत झोके घ्यायला लागल्या. आमच्या घरात पुरणाचे मांडे झाले. अक्का खापरावर मांडा टाकायची तेव्हा तो चर्र असा आवाज यायचा आणि मग तुपाचा आणि भाजल्या कणकेचा वास घरभर. दोन मैत्रिणी ताईला झोक्यावर न्यायला आल्या. ताईने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. ती गेली नाही. गाणी घरात ऐकू येत होती. ती ओसरीवर बसून सुपातले गहू निवडत होती, निवडलेले पुन्हा सुपात टाकून पुन्हा निवडत होती.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तिचा सव्वा महिना झाला. त्या दिवशी तिने न्हाऊन कानातला कापूस काढून टाकला आणि ट्रंकेतून एक कागद आणला. वहीचा फाडलेला कागद, त्यावर अनोळखी, गोल गोल अक्षर. वर लिहिलं होतं 'लिंबाचे क्रीमवाले बार', खाली सामान आणि कृती. दोन ओळींत अंड्याचा पिवळा बलक लिहून तो खोडला होता आणि कडेला बारीक अक्षरात, 'तुमच्यात चालत नाही म्हणून दाट साय घ्यावी.' सगळ्यात खाली नाव, सुशीला. ताईने भाऊंना जळगावहून गोड घट्ट दुधाचा डबा आणायला सांगितला. भाऊंनी का म्हणून विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात भाऊंनी कोणालाच काही विचारलं नाही. केळीला पाणी द्यायला जायचे ते अंधार पडता पडता यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन डबे आणले.

मैदा, पिठीसाखर आणि लोणी चोळून ताईने ओव्हनच्या गोल ताटलीत थापलं, काट्याने टोचलं आणि भाजायला ठेवलं. घरात नुसता नानकटाईचा वास. ते भाजून होईपर्यंत तिने पातेल्यात डब्यातलं दूध ओतलं, त्यात वाटीभर साय घातली आणि मला म्हणाली, "लिंबं आण. सहा लागतील."

लिंबाचं झाड परसात होतं, पण त्या झाडावर राज्य अक्काचं. अक्काला कळलं की लिंबं दुधात पिळायची आहेत, तेव्हा ती हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात आली.

"दुधात लिंबू पियलं का दूध नासतं," ती म्हणाली. "एवढं तं लहान पोराले बी कयतं."

"हे नाही नासत, अक्का. हे घट्ट होतं."

"आनि तुले आंबट चालत नही. सव्वा महिना झाला तरी आंबट चालत नही. बाळंतिनीले..." अक्का तिथेच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं.

ताईने पातेलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "आंबट कुणासाठी वर्ज्य असतं, अक्का?" तिने विचारलं. "आई आंबट खाते आणि त्रास कुणाला होतो?"

अक्का बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात दोन लिंबं होती. सहा नव्हे, दोन. ती तिने ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. मी तिथेच उभी होते, घमेलंभर प्रश्न घेऊन. बाळंतीण हा शब्द अक्काच्या तोंडून निघाला होता. म्हणजे माझा आजाराचा तर्क चुकला. मग ज्याला आंबटाचा त्रास व्हायचा ते कुठे आहे? धुळ्याला ठेवलं का? कोणाकडे? आणि ठेवलं असेल तर ताई इथे काय करते आहे? आज वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी इतकी कशी बावळट. पण बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात बाळ मरतं ही गोष्टच नव्हती. म्हातारी माणसं मरतात, बैल मरतो. बाळ येतं.

दूध नासलं नाही, पण वड्या जमल्याही नाहीत. खालचा थर खुसखुशीत, वरचं मात्र पळी घालून खावं असं पातळ. आमच्याकडे दुपारी दाब इतका कमी असायचा की दिव्याची तार लाल दिसायची, त्यामुळे मी दोष विजेला दिला. ताई सगळा वेळ ओव्हनपुढे मांडी घालून बसली होती, झाकणाच्या त्या काचेतून आत बघत. वैशाखाच्या दुपारी, घामाने थबथबून. वड्या निघाल्या नाहीत तेव्हा तिने चमचा घेतला आणि ते आंबटगोड तसंच खाल्लं. गोल ताटलीच्या कडेचा भाजका भाग मला दिला. एक दिवसाआड ती हेच करू लागली. डबे संपले की भाऊ नवे आणायचे, अक्का दोन लिंबं द्यायची, वड्या पातळ व्हायच्या. आई म्हणायची, "करू दे तिला, जीव रमतो." पण तिचा जीव रमत होता असं काही मला दिसत नव्हतं. ओव्हनमध्ये ठेवताना तिचा चेहरा उजळायचा आणि बाहेर काढताना विझायचा, आणि तरी परवा पुन्हा तेच. मला तिचा राग येऊ लागला, आणि राग येतो म्हणून स्वतःचीही लाज वाटू लागली.

म्हणून मी ते कार्ड लिहिलं. भाऊंच्या कपाटात कोरी पोस्टकार्डं असायची. नर्सबाईंचा पत्ता मला माहीत नव्हता, म्हणून दाजींचा पत्ता घातला आणि वर लिहिलं, 'यांच्या शेजारच्या नर्सबाई, सुशीलाबाई यांना मिळावे.' मजकूर मला अजून जसाच्या तसा पाठ आहे. 'सा. न. वि. वि. मी उषाताईची लहान बहीण रजनी. ताई एक दिवसाआड तुमच्या लिंबाच्या वड्या करते. त्या पातळ होतात. ती त्या पातळच खाते. ती कोणाशी बोलत नाही. तिला काय झालं ते तिलाही माहीत नाही असं ती म्हणते. वड्यांचं काय चुकतं ते उलट टपाली कळवावे.' कार्ड पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मी ते जवळजवळ विसरलेही.

उलट टपाली काही आलं नाही. आठ-नऊ दिवसांनी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला, फाट्यावरून एक बाई उन्हातून चालत आली. सावळी, ठेंगणी, चाळिशीची, पांढऱ्या सुती साडीतली, हातात कापडी पिशवी. ओसरीच्या पायरीवर तिने चपला काढल्या, घाम पुसला आणि मला बघून म्हणाली, "कार्ड लिहिणारी तूच ना?"

मी मान हलवली. आतून आई आली. आईने तिला ओळखलं आणि आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "सिस्टर, तुम्ही?" ती म्हणाली. "अशा उन्हाच्या?" मग पाणी आणायला म्हणून ती आत वळली, पण हंड्याशी जाऊन नुसतीच उभी राहिली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. मला वाटलं दोघी गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. नर्सबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं दवाखान्यात पाहत असतील तसं, आणि विचारलं, "लिंबं किती घालतेस?"

"दोन."

"दोन लिंबांनी कसं होईल बाई? हे दूध आंबटानंच बसतं. लिंबू कमी पडलं की रात्रभर भाजलंस तरी पातळच राहणार. चल, दाखवते."

त्या थेट परसात गेल्या. अक्का झाडाखाली बसून भांडी घासत होती. "तिले आंबट देऊ नका," अक्का म्हणाली.

"आता चालतं, आत्या," नर्सबाई म्हणाल्या, "आता तिला सगळं चालतं," आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सात लिंबं तोडली. अक्काने अडवलं नाही.

स्वयंपाकघरात त्या पाटावर बसल्या आणि बारीक किसणीवर लिंबाची साल किसू लागल्या, फक्त वरची पिवळी, खालचं पांढरं कडू असतं म्हणून न घेता. माझ्याकडे पातेलं आणि रवी दिली. आईने दारातून मला हाक मारली, "रजू, बाहेर ये." ताई म्हणाली, "राहू दे तिला." तिच्या आवाजात असं काही होतं की आई दारातच थांबली.

मग ताईने विचारलं, अगदी पीठ किती घ्यायचं असं विचारावं तसं.

"सिस्टर, काय होतं?"

नर्सबाईंचा हात थांबला नाही. "मुलगी."

"गेलेलीच आली?"

"नाही. जिवंत होती. तासाला थोडा कमी असा वेळ होती. फार लवकर आली बाई ती, सातव्यातच. छाती तयार नव्हती."

"रडली?"

"एकदा. बारीकसं."

"मला ऐकू आलं होतं," ताई म्हणाली. "मी गुंगीत होते, पण मला ऐकू आलं होतं. मी सगळ्यांना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, काही नव्हतं, विसर. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. काही नव्हतं म्हणजे काय? मला वाटायला लागलं, मला भासच झाला." मग ती म्हणाली, "केस होते?"

"होते. काळे. कपाळापर्यंत आलेले."

"तिला घेतलं कुणी?"

"मी घेतलं," नर्सबाई म्हणाल्या. "सगळा वेळ माझ्याजवळच होती. खाली ठेवली नाही."

माझी रवी केव्हाच थांबली होती. नर्सबाईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "घुसळ गं, गुठळ्या होतील." मी घुसळू लागले. पातेल्यातलं दूध लिंबू पडल्यावर खरंच दाट व्हायला लागलं होतं, रवी जड झाली होती, आणि मला एवढंच कळत होतं की मी एक आत्या होते, नव्हे मावशी होते, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्या आणि मावशी यांतही माझा घोळ झाला, इतकी मी गोंधळले होते.

"घरचे तुला सांगतील या आशेनं मी थांबले होते," नर्सबाई ताईला म्हणाल्या. "माझी नोकरीची जागा, तुझ्या घरच्यांना दिलेला शब्द, मी कशी बोलणार? पण ते कार्ड पडलं तुझ्या नवऱ्याच्या हातात. वाचून तो माझ्याकडे आला. म्हणाला, सिस्टर, ती वड्या करते आहे. तुम्ही जा आणि तिला सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

"त्यांनी पाहिलं होतं तिला?"

"दारातून."

ताईने ओट्याला धरून उठत दाराकडे बघितलं. तिथे आई होती, आईच्या मागे ओले हात घेऊन अक्का.

"आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मुलगी होती, जिवंत होती, हे माहीत होतं?"

"जावईबापूंच्या पत्रात होतं," आई म्हणाली.

"म्हणजे भाऊंनाही." ताईने अक्काकडे बघितलं. अक्का खाली बघत होती. मग ताईने माझ्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की या घरात न सांगितलेल्या दोघीच होत्या, ती आणि मी. मी बारा वर्षांची म्हणून. ती कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

अक्का उंबऱ्यावरच बसली. "माह्ये तीन गेले," ती म्हणाली. हे मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि आईच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिनेही ऐकलं नव्हतं. "तीन. एक बी कोनी मले दाखोलं नही. मी म्हटलं, न पाह्यलेलंच बरं. न पाह्यलं का इसरता येतं."

"विसरलीस?" ताईने विचारलं.

अक्काने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मी आजही सांगू शकणार नाही.

वड्या त्या दिवशी जमल्या. नर्सबाईंनी ताटली परातीतल्या गार पाण्यात ठेवून निववली, सुरी ओली करून चौकोन पाडले. वरचा थर मऊ पण न सांडणारा, दुधाळ पिवळा, आणि जिभेवर आधी गोड आणि मग एकदम कानशिलं आवळणारा. ताईने तीन खाल्ल्या. खाताना ती रडत होती आणि मधूनच हसत होती, आणि नर्सबाईंना सांगत होती की पाचव्या महिन्यात याचेच डोहाळे लागले होते, आठवतं का, तुम्ही रात्रपाळीवरून आलात आणि ड्यूटीचे कपडेही न बदलता ओव्हन लावलात. आईने एक वडी हातात घेतली आणि खाल्ली नाही. नर्सबाई दुपारच्या बसने परत गेल्या. भाऊ त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले, सायकल हातात धरून, दोघं चालत. काय बोलले कोणास ठाऊक. बोलले असतील असंही वाटत नाही.

ताई पुढचे चार दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी फणी घेऊन आईसमोर पाठमोरी बसली आणि आईने तिची वेणी घातली. ही आमच्या घरातली दिलजमाई. मला मात्र कोणीच काही म्हटलं नाही. मी मार खायच्या तयारीत होते, शाबासकीच्याही तयारीत होते. आई पुढे कितीतरी वर्षं कोणाला तरी सांगताना म्हणायची, "मग रजूनं ते कार्ड टाकलं," आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. मी दर वेळी पुढचं ऐकायला थांबायचे. आता मी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे, आई नाही, आणि ते वाक्य तसंच अर्धं आहे. कधी वाटतं मी चांगलं केलं. कधी वाटतं, मला तर फक्त वड्यांचं विचारायचं होतं. ज्यांनी लपवलं ती सगळी मायेची माणसं होती, त्यांच्यातलं एकही दुष्ट नव्हतं, हे मला जितकं वय वाढतं आहे तितकं जास्त कोड्यात टाकतं.

पावसाच्या आधी दाजी ताईला न्यायला आले. ओसरीवर बसले, चष्मा पुसत राहिले. ताईने त्यांच्यापुढे बशीत दोन वड्या ठेवल्या. त्यांनी एक खाल्ली. मग दाजी हळूच म्हणाले, "मी आत जायला पाहिजे होतं," आणि ताई म्हणाली, "हो, पाहिजे होतं." एवढंच. संध्याकाळच्या बसने दोघं गेली. ओव्हन या वेळी दाजींच्या मांडीवर होता.

त्यानंतर नऊ वर्षांची गोष्ट. ताईला दोन मुलगे झाले होते. माझं बी.एड. चाललं होतं आणि सुट्टीत मी धुळ्याला तिच्याकडे राहायला गेले होते. एका सकाळी शिरगणतीच्या शिक्षिका आल्या, काखेत पिशवी, हातात लांबलचक कागद. दाजी खुर्चीवर बसून उत्तरं देत होते. घराला खोल्या किती, नळ आहे का, शिक्षण काय. मुलं जमिनीवर गोट्या खेळत होती.

"अपत्यं?"

"दोन," दाजी म्हणाले. "दोन्ही मुलगे."

"बाईंना बोलावता का? हा प्रश्न त्यांनाच विचारायचा असतो."

ताई हात पुसत बाहेर आली. शिक्षिकेने कागदावर बोट ठेवून वाचलं, "आजवर जिवंत जन्मलेली एकूण मुलं किती? त्यांतली आज हयात किती?"

"हयात दोन," ताई म्हणाली. "जन्मलेली तीन. पहिली मुलगी."

शिक्षिकेने दाजींकडे बघितलं, बायका चुकतात आणि पुरुष दुरुस्त करतात अशा सवयीने. दाजींनी चष्मा काढला. "तीन," ते म्हणाले. "तीनच लिहा."

त्या लिहीत होत्या तेव्हा गोट्यांचा आवाज थांबला होता. थोरला सहा वर्षांचा होता. तो कोपरावर रेलून आईकडे बघत होता.

"आई, तीन कोण?"

मी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे. आमच्या घरात अशा वेळी काय म्हणतात ते मला पाठ होतं. बाहेर खेळा, जा. मोठं झाल्यावर कळेल.

ताईने पदर खोचला आणि मुलांशेजारी जमिनीवर बसली.

"गोट्या बाजूला ठेवा," ती म्हणाली. "सांगते."